व्हिक्टोरिया मनालो : एक सूर आणि तीन नावे



चैत्र-वैशाखातल्या दुपारी आपल्या बिलोली तालुक्यातल्या कोणत्याही खेड्यात जा. ज्या विहिरीला पोहण्याइतके पाणी उरले असेल तिच्या काठावर पोरांची गर्दी दिसेल. कुणाच्या पाठीला वाळका भोपळा, कुणाच्या पाठीला रिकामा डबा, आणि जे पक्के झाले ते काठावरून थेट उडी घेणारे. मोटा गेल्या, विजेचे पंप आले, पण हा खेळ काही बंद पडला नाही. या उड्यांतही प्रकार आहेत. गुडघे पोटाशी घेऊन जो पाण्यावर आदळतो तो मुटका. हात पुढे, डोके खाली आणि पाय जुळवून जो पाण्यात शिरतो तो सूर. मुटक्याला आरडाओरडा मोठा, कारण त्याने काठावरची माणसेही भिजतात. परंतु काठावर एखादा जाणता म्हातारा बसलेला असतो. तो मान डोलावतो ती सुराला.

या गर्दीत मुली किती असतात, हे आपण सर्वजण जाणतो. ज्या बाईचा निम्मा जन्म पाण्याच्या वाटेवर जातो, पहाटे घागर, दुपारी धुणे, तिन्हीसांजेला पुन्हा घागर, तिला त्याच पाण्यात मनसोक्त उतरण्याची वेळ क्वचितच येते. पाणी वाहणारी ती आणि पाण्यात खेळणारा तो, ही वाटणी कधी झाली आणि कुणी केली, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. आणि पाण्याच्या वाटण्या एवढ्यावरच थांबलेल्या नाहीत. कुणी कोणत्या पाणवठ्यावर यावे, कुणी कुठल्या काठावर उभे राहावे, याचे नियम या देशाने शतकानुशतके पाळले.

आज मी आपल्याला एका बाईची हकीकत सांगणार आहे. ती आपल्या देशातली नाही. पण तिच्या आयुष्यात पाणी, जात म्हणावी असा वंशभेद, आणि बाईमाणसाचे नाव, या तीन गोष्टी अशा काही गुंतल्या आहेत, की ती ऐकताना आपल्याला परकी वाटणार नाही. तिचे नाव व्हिक्टोरिया मनालो. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत तिने सूर मारण्याच्या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. एकाच ऑलिंपिकमध्ये फळीवरची आणि मंचावरची अशी दोन्ही सुवर्णपदके मिळविणारी ती जगातली पहिली स्त्री. पण ज्या दिवशी तिने ती पदके घेतली त्या दिवशी तिचे नाव मनालो असे पुकारले गेले नाही. हे का झाले, ते समजून घ्यावे म्हणून हा सारा प्रपंच.

प्रथम या खेळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. स्पर्धेतल्या सुराचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक लवचीक फळीवरून, जिला स्प्रिंगबोर्ड म्हणतात. ती पाण्यापासून तीन मीटर उंच असते आणि उडी घेणाऱ्याला वर झुगारते. दुसरा स्थिर मंचावरून. तो दहा मीटर, म्हणजे सुमारे तेहतीस फूट उंच. तीन मजली घराच्या गच्चीवर उभे राहून खाली पाहावे, तशी ती उंची. तेथून निघालेले शरीर सुमारे दीड सेकंदात पाण्याला टेकते आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास असतो. या दीड सेकंदात कोलांटी घ्यायची, अंगाला पीळ द्यायचा, शरीर घडी घालून पुन्हा उलगडायचे, आणि शेवटी हाताच्या बोटांपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत एक रेघ करून पाण्यात शिरायचे. परीक्षक दहापैकी गुण देतात आणि उडी जितकी अवघड तितक्या पटीने ते वाढतात. ज्याचे शिंतोडे कमी उडतात त्याचे गुण जास्त. आपल्या काठावरच्या म्हाताऱ्याचा निवाडा आणि ऑलिंपिकच्या परीक्षकाचा निवाडा येथे एकच पडतो.

ही कला खेळ म्हणून वाढली ती मुख्यतः स्वीडन आणि जर्मनी या देशांत. तेथील व्यायामपटूंनी आखाड्यातल्या कोलांट्या पाण्यावर नेल्या. पुरुषांसाठी हा खेळ १९०४ साली ऑलिंपिकमध्ये आला. स्त्रियांना १९१२ सालापर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी स्टॉकहोम येथे स्त्रियांची मंचावरची स्पर्धा प्रथम झाली आणि स्वीडनची ग्रेटा योहान्सन पहिली आली. अमेरिकेने त्या सामन्यांत पोहण्यासाठी वा सूर मारण्यासाठी एकही स्त्री पाठविली नव्हती. तेथील हौशी क्रीडा संघाचे सूत्रधार जेम्स सलिव्हन यांचा स्त्रियांनी लोकांदेखत स्पर्धेत उतरण्यालाच विरोध होता. १९१४ साली ते वारले, आणि मग दार किलकिले झाले. १९२० साली अँटवर्पच्या गार, काळ्या पाण्यात आयलीन रिगिन नावाच्या चौदा वर्षांच्या अमेरिकन मुलीने फळीवरच्या सुराचे पहिले सुवर्णपदक घेतले. जो देश आठ वर्षांपूर्वी आपल्या बायकांना पाठवीत नव्हता, त्याच देशाच्या बायका पुढे कित्येक वर्षे या खेळात जगाच्या पुढे राहिल्या. संधी नाकारणे आणि पात्रता नसणे यांतला फरक दाखवायला याहून वेगळे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

परंतु दार उघडले ते गोऱ्या मुलींसाठी. आपल्या कथेची नायिका गोऱ्यांतही नव्हती आणि काळ्यांतही नव्हती. तिची गोष्ट कळण्यासाठी फिलिपाइन्स बेटांचा इतिहास दोन वाक्यांत सांगावा लागेल. तीनशेहून अधिक वर्षे स्पेनच्या सत्तेखाली असलेली ही बेटे १८९८ च्या युद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यात गेली. मग तेथील हजारो तरुण पोटासाठी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. कुणी कॅलिफोर्नियाच्या शेतांवर राबले, कुणी शहरांत स्वयंपाकी आणि घरगडी झाले. अमेरिकेच्या झेंड्याखाली जन्मलेली ही माणसे, पण त्यांना तेथले पूर्ण नागरिकत्व नव्हते. १९३३ साली कॅलिफोर्नियाने आपल्या विवाहाच्या कायद्यात दुरुस्ती करून गोऱ्यांनी 'मलय' वंशाच्या माणसाशी केलेले लग्न बेकायदा ठरविले. ही दुरुस्ती फिलिपिनो तरुणांवरच रोखलेली होती. पुढच्याच वर्षी नव्या कायद्याने फिलिपाइन्समधून येणाऱ्यांची संख्या वर्षाला पन्नासावर आणली. निजामाच्या राज्यात ज्यांची हयात गेली, त्यांना राज्य एकाचे आणि रहिवास दुसऱ्याचा असला म्हणजे काय होते, हे समजावून सांगावे लागत नाही.

असाच एक तरुण तेओदोरो मनालो सॅन फ्रान्सिस्को शहरात स्वयंपाकाचे काम करून राहत होता. त्याने गर्ट्रूड टेलर या इंग्लंडहून आलेल्या, घरकाम करून पोट भरणाऱ्या मुलीशी लग्न केले. फिलिपिनो पुरुष आणि गोरी स्त्री हे जोडपे रस्त्याने चालले की लोक वळून पाहत, आणि ते कौतुकाने नव्हे. त्यांच्या पोटी ३१ डिसेंबर १९२४ रोजी जुळ्या मुली झाल्या. त्यांतली एक व्हिक्टोरिया. घर शहराच्या साउथ ऑफ मार्केट या भागात, गोद्या, कारखाने आणि मजुरांच्या खोल्या यांच्या गर्दीत.

मुलीला नृत्य शिकायचे होते. पण शिकवणीला पैसे कोठून आणायचे? ते स्वप्न तेथेच राहिले. पोहायला शिकायलाही तिला नऊ-दहा वर्षे वाट पाहावी लागली. रेड क्रॉसतर्फे उन्हाळ्यात पोहण्याचे वर्ग चालत. पाच सेंटांचे नाणे दिले की तलावात शिरता येई. त्या पाच सेंटांत तिने हात मारायला शिकून घेतले. पुढे आयुष्यभर पोहण्यापेक्षा तिला उडीच प्रिय राहिली. नृत्याला हवा असतो तो डौल, ती हवेतली क्षणभराची सत्ता, तिला फळीवर सापडली असावी. सोळाव्या वर्षी तिने सूर मारायला रीतसर सुरुवात केली. चॅम्पियन होणाऱ्या मुली ज्या वयात दहा वर्षांचा सराव संपवून उभ्या असतात, त्या वयात ही पहिला धडा गिरवीत होती.

येथे कथेतला पहिला खरा प्रसंग येतो. सॅन फ्रान्सिस्कोत फेअरमाँट नावाचे एक श्रीमंती हॉटेल आहे. त्याच्या तलावावर पोहण्याची आणि उडीची संस्था होती आणि फिल पॅटरसन हे तेथील शिक्षक होते. एका ओळखीच्या माणसाने ही मुलगी त्यांच्याकडे नेली. त्यांनी तिची उडी पाहिली, तिच्यात काय आहे ते ओळखले, आणि शिकवायला तयार झाले. मात्र अट घातली. संस्थेत फिलिपिनो मुलीला जागा नाही. म्हणून तिच्या एकटीसाठी त्यांनी निराळ्या नावाची एक शाळा काढली, 'पॅटरसन स्कूल'. या शाळेची विद्यार्थिनी एकच. आणि मुलीने मनालो हे आडनाव टाकून आईचे टेलर हे नाव लावायचे. विकी टेलर म्हटले की कुणी प्रश्न विचारणार नाही.

बंधुभगिनींनो, या प्रसंगाकडे नीट पाहिले पाहिजे. गुरूने विद्या नाकारली नाही. एकलव्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तेथे गुरूने आधी शिष्यत्व नाकारले आणि मग अंगठा मागितला. येथे गुरूने शिकविले, मनापासून शिकविले, आणि दक्षिणा आधीच मागून घेतली. दक्षिणा म्हणजे बापाचे नाव. तेओदोरो मनालो याला त्या वेळी काय वाटले असेल, याची कल्पना आपल्यातल्या बापांनी करावी. आडनाव कळले की माणसाचे सारे मोजमाप झाले, अशी सवय आपल्याही समाजाला आहे. नोकरीसाठी, भाड्याच्या खोलीसाठी आडनाव गिळणारी माणसे आपल्या ओळखीत असतात. त्यामुळे विकी टेलर हे नाव ऐकून आपल्याला हसू येऊ नये.

हा अन्याय एका हॉटेलापुरता होता असे समजू नका. त्याच राज्यात सॅमी ली नावाचा कोरियन वंशाचा मुलगा राहत होता. तोही उडी शिकत होता. पॅसाडीनाच्या तलावावर गोऱ्यांखेरीज इतरांना आठवड्यातून एकच दिवस प्रवेश असे, आणि तो दिवस संपला की तलावातले पाणी सोडून देऊन ताजे भरले जाई. उरलेले दिवस त्याने काय करावे? त्याच्या शिक्षकाने घराच्या अंगणात खड्डा खणून वाळू भरली, फळी बसविली, आणि सॅमी ली वाळूत उड्या मारून शिकला. वाळूत पडणाऱ्याला डोक्यावर उतरता येत नाही. पायांवर उतरावे लागते. त्यातून त्याच्या पायांत असे बळ आले की पुढे फळीवरून तो इतरांहून वर उडू लागला.

पाणी बाटले म्हणून ते सोडून देणे, हे ऐकल्यावर महाराष्ट्रातल्या माणसाला एकच स्थळ आठवेल. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ओंजळभर पाणी घेतले आणि त्यांच्यामागून हजारोंनी घेतले. काही दिवसांतच तेथील सनातन्यांनी त्या तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' करून घेतले. तळे सार्वजनिक आहे, हा हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ साल उजाडले. महाड आणि पॅसाडीना यांच्यामध्ये अर्धी पृथ्वी आहे. एका ठिकाणी शेणगोमूत्र होते, दुसऱ्या ठिकाणी नळ आणि नाला होता. रोग मात्र एकच होता. सुधारलेल्या देशांत असले काही नसते, असा आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. आणि आपल्याइतके वाईट कोणी नाही, अशी दुसऱ्या टोकाची समजूतही आहे. इतिहास या दोहोंपैकी कोणाच्याच मदतीला येत नाही.

पुढली काही वर्षे युद्धाची होती. पॅटरसन सैन्यात गेले आणि विकीचा सराव तुटला. तिने दुसऱ्या तलावावर दुसरे शिक्षक गाठले. १९४३ साली ती प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि तिसरी आली. उपजीविकेसाठी तिने लष्कराच्या वैद्यकीय खात्यात कारकुनी केली. दिवसा कचेरी आणि संध्याकाळी तलाव. वडील गेले ते याच काळात. लेकीने जगज्जेते व्हावे आणि आपले आडनाव फलकावर लागावे, यांतले काहीच पाहायला ते उरले नाहीत.

सॅमी लीशी तिची ओळख अशा स्पर्धांतच झाली आणि त्याच्याच ओळखीने लायल ड्रेव्हज हे शिक्षक तिला भेटले. ओकलंडच्या एका संस्थेत ते शिकवीत. त्यांनी तिला मंचावर चढविले. फळीवर वाढलेल्या मुलीला दहा मीटरवरून उडी घ्यायला लावणे सोपे नव्हते. तेहतीस फुटांवर चूक झाली तर पाणी दगडासारखे लागते. पण १९४६, १९४७ आणि १९४८ अशी लागोपाठ तीन वर्षे ती मंचावरच्या उडीत अमेरिकेची विजेती झाली. १२ जुलै १९४६ रोजी लायल आणि व्हिक्टोरिया यांचा विवाह झाला. त्याच्या आठच दिवस आधी, ४ जुलै रोजी, फिलिपाइन्स स्वतंत्र झाले होते. बापाचा देश स्वतंत्र झाला त्या महिन्यात लेकीला तिसरे नाव मिळाले, ड्रेव्हज. हे नाव मात्र तिने स्वखुशीने घेतले.

आता आपण १९४८ च्या ऑगस्टमध्ये येऊ. तो महिना आपल्या मराठवाड्याच्या आठवणीतून पुसला जाणारा नाही. देश स्वतंत्र होऊन वर्ष होत आले होते, पण बिलोलीवर अजून निजामाचीच सत्ता होती. रझाकारांच्या भयाने माणसे घरदार सोडून सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत गेली होती. १९४६ साली ज्यांना प्राण द्यावे लागले त्या हुतात्मा गोविंदराव पानसरे यांची आठवण अर्जापूर परिसरात ताजी होती. मुक्तीचा १७ सप्टेंबर अजून दीड महिना दूर होता. लंडनमध्ये काय चालले आहे हे येथे कुणाच्या गावी असण्याचे कारण नव्हते. तिकडे मात्र बारा वर्षांच्या खंडानंतर ऑलिंपिक सामने भरले होते. लंडन बाँबहल्ल्यांतून सावरत होते, अन्नधान्यावर नियंत्रणे होती. याच सामन्यांत कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत सहावे आले आणि १२ ऑगस्टला भारताच्या हॉकी संघाने यजमान ब्रिटनला चार विरुद्ध शून्य असे हरवून स्वतंत्र भारताचे पहिले सुवर्णपदक घेतले. भारताच्या त्या पथकात एकही स्त्री नव्हती.

वेम्ब्लीच्या तलावावर ३ ऑगस्टला फळीवरच्या सुराचा निकाल लागायचा होता. व्हिक्टोरियाची मुख्य प्रतिस्पर्धी होती झो ॲन ओल्सन, तिच्याच देशाची आणि लायल ड्रेव्हज यांच्याच हाताखाली तयार झालेली. म्हणजे एका माणसाची पत्नी आणि त्याचीच शिष्या सुवर्णपदकासाठी झुंजत होत्या. शेवटच्या उडीपर्यंत पारडे खालीवर होत राहिले. त्या उडीपूर्वी व्हिक्टोरियाचा धीर सुटू लागला; हे आपल्याकडून होणार नाही, असे ती सॅमी लीला म्हणाली. तो जवळच होता. एवढ्या लांब येऊन आता माघार घ्यायची नाही, असे सांगून त्याने तिला फळीकडे पाठविले. वाळूत उड्या मारून शिकलेला मुलगा आणि नाव बदलून शिकलेली मुलगी, एकमेकांना धीर देण्याचा अधिकार त्यांना इतरांहून अधिक होता. तिने उडी घेतली. गुण लागले ते असे : व्हिक्टोरिया १०८.७४, झो ॲन १०८.२३. अर्ध्या गुणाचे अंतर.

दोन दिवसांनी, ५ ऑगस्टला, सॅमी लीने पुरुषांची मंचावरची स्पर्धा जिंकली. ६ ऑगस्टला व्हिक्टोरिया मंचावर चढली आणि ६८.८७ गुण मिळवून तीही स्पर्धा तिने जिंकली. सूर मारण्याची दोन्ही सुवर्णपदके एकीच्या गळ्यात, असे त्यापूर्वी कुणा स्त्रीच्या बाबतीत घडले नव्हते. ज्यांना तलावात शिरू देताना अटी घातल्या होत्या, त्या दोघांनी त्या चार दिवसांत अमेरिकेला पाण्यावरची तीन सुवर्णपदके मिळवून दिली. लंडनच्या फलकावर नाव होते व्हिक्टोरिया ड्रेव्हज.

त्या विजयानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तोच १ ऑक्टोबर १९४८ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरवंशीय विवाहाला बंदी करणारा कायदा घटनाबाह्य ठरविला. खटला दुसऱ्याच एका जोडप्याचा होता. त्याचा या पदकांशी संबंध जोडणे इतिहासाला धरून होणार नाही. पण तेओदोरो आणि गर्ट्रूड यांच्यासारखी लग्ने पुन्हा कायदेशीर झाली ती त्याच वर्षी, हे मात्र नमूद केलेच पाहिजे.

विजयानंतर व्हिक्टोरियाबाई फिलिपाइन्सला गेल्या. ज्या देशाचे नाव लपवून त्या शिकल्या त्या देशाने त्यांना लेक म्हणून मिरविले. राष्ट्राध्यक्ष एल्पिदिओ किरिनो यांच्यासमोर मालाकान्यांग या राजवाड्यात त्यांनी उड्या करून दाखविल्या. हा दौरा बापाला पाहायला मिळाला असता तर, हा विचार त्यांच्या मनात आल्यावाचून राहिला नसेल. पुढे त्या व्यवसायी झाल्या. पाण्यावरच्या नृत्याचे आणि उड्यांचे खेळ करणाऱ्या मंडळ्यांबरोबर त्यांनी अमेरिकेत आणि युरोपात दौरे केले. त्या वेळच्या नियमाप्रमाणे पैसे घेऊन खेळणाऱ्याला ऑलिंपिकचे दार बंद होते. म्हणून ज्या खेळाडूला १९५२ साली पुन्हा पाहायला हवे होते ती प्रेक्षकांना दिसली नाही. त्या वर्षी आणि पुन्हा १९५६ साली दोन्ही सुवर्णपदके पॅट मॅककॉर्मिक या अमेरिकन बाईंनी घेतली. वाट व्हिक्टोरियाबाईंनी घालून दिलेली होती. चार मुलगे झाले, संसार वाढला, पतीबरोबर त्यांनी मुलांना पोहणे आणि उड्या शिकविल्या. १९६९ साली जागतिक जलक्रीडा सन्मानमंदिरात त्यांची नोंद झाली.

येथे एक आक्षेप कुणाच्या मनात आला असेल, आणि तो यायला हवा. महाडला लोकांनी तळ्यावर जाऊन हक्क बजावला. या बाईने नाव बदलून वाट काढली. मग हिला आपण गौरवावे काय? तडजोडीचा सत्कार करावा काय?

मला याचे उत्तर असे वाटते. महाडच्या मागे एक संघटित समाज होता, एक महान नेता होता, विधिमंडळाचा ठराव होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या दारात सोळा-सतरा वर्षांची एकटी मुलगी उभी होती. तिच्यापुढे दोन वाटा होत्या : मनालो म्हणून घरी परतणे, किंवा टेलर म्हणून पाण्यात उतरणे. तिने दुसरी घेतली. याचा दोष तिच्या माथी मारणे म्हणजे दार बंद करणाऱ्याला सोडून दार ठोठावणाऱ्याची चौकशी करणे होय. पण उलट बाजूही सांगितली पाहिजे. एका मुलीला मागच्या दाराने आत घेतल्याने पुढचे दार उघडत नाही. विकी टेलर जिंकत राहिली तरी त्या संस्थेत दुसऱ्या मनालोला जागा झाली नाही. गुणवान माणूस अन्यायातूनही वर येतो हे खरे, आणि तेवढ्याने अन्याय क्षम्य ठरत नाही हेही तितकेच खरे. सॅमी लीला वाळूने बळ दिले म्हणून कुणी तलाव बंद ठेवण्याचे समर्थन करू लागला तर त्याला काय म्हणावे? किती मुले त्या वाळूपर्यंतही पोहोचली नाहीत, याचा हिशेब कुणाकडे आहे?

आपल्या देशाकडे वळून मी हे भाषण पुरे करतो. लंडननंतर तीनच वर्षांनी, मार्च १९५१ मध्ये, दिल्लीला पहिले आशियाई सामने झाले. त्यांत के. पी. ठक्कर या भारतीय खेळाडूने फळीवरच्या आणि मंचावरच्या अशा दोन्ही उड्यांत सुवर्णपदके घेतली; व्हिक्टोरियाबाईंनी लंडनला केला तोच पराक्रम आशियापुरता आपल्या माणसाने केला. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला भारताने प्रथमच पोहणाऱ्या मुली पाठविल्या : मुंबईची डॉली नझीर आणि बंगालची आरती साहा. आरती तेव्हा बारा वर्षांचीही पुरी नव्हती. हीच आरती २९ सप्टेंबर १९५९ रोजी इंग्लंडची खाडी पोहून गेली, आणि तो पराक्रम करणारी ती पहिली आशियाई स्त्री ठरली. पाण्यात उतरू दिले तर आपल्या मुली काय करतील, याचे उत्तर इतक्या वर्षांपूर्वीच मिळालेले आहे. तरीही सूर मारणाऱ्या भारतीय बाईचे नाव विचारले तर या सभेतले किती हात वर होतील?

व्हिक्टोरियाबाई ११ एप्रिल २०१० रोजी वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी वारल्या. त्याच्या चार वर्षे आधी, २००६ साली, सॅन फ्रान्सिस्को शहराने साउथ ऑफ मार्केट या त्यांच्या लहानपणच्या भागात दोन एकरांचे एक उद्यान उभे केले आणि त्याला त्यांचे नाव दिले. दाटीवाटीच्या वस्तीतली मुले तेथे खेळतात. त्यांत फिलिपिनो मुले पुष्कळ असतात. त्या उद्यानाच्या पाटीवर टेलर हे नाव नाही. तेथे लिहिले आहे : व्हिक्टोरिया मनालो ड्रेव्हज. ज्या शहराने एका मुलीकडून बापाचे नाव उतरवून घेतले, त्याच शहराने साठ-पासष्ट वर्षांनी ते नाव आपल्या हाताने लिहून दिले. बाई तेव्हा हयात होत्या. बाप नव्हता.

श्रोतेहो, आपल्या बिलोलीत दहा मीटरचा मंच नाही आणि तो लवकर होईल असे आश्वासन देण्याचा अधिकार मला नाही. पण विहिरी आहेत, मांजरेचे पात्र आहे, आणि घराघरांत मुली आहेत. दरवर्षी आपल्या भागात कुणी ना कुणी पाण्यात पाय घसरून जाते, आणि त्यात पोहता न येणाऱ्या लेकीबाळी असतात. या उन्हाळ्यात भोपळा पाठीला बांधताना घरातल्या मुलीच्याही पाठीला बांधावा. काठावर एखादी जाणती बाई उभी करावी. आणि त्या विहिरीवर कुणाची मुलगी आली आहे, हे तिच्या आडनावावरून विचारू नये. एवढे झाले तरी व्हिक्टोरिया मनालोची हकीकत बिलोलीच्या कामी आली असे मी समजेन.